गाडी चालवणं हा हक्क की सरकारची मेहेरबानी? खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावची एमएच १९, धुळ्याची १८ की नंदुरबारची ३९, पासिंग कुठलंही असो, गाडीवाल्यांचे प्रश्न तेच असतात. आरटीओच्या कॅम्पमध्ये रांगेत उभं राहिलं की ते आपोआप कानावर पडतात. मी मोटार ट्रेनिंग स्कूल चालवतो, वकील नाही. त्यामुळे इथे कायद्याची चौकट सांगतो. कोर्टात केस उभी असेल तर वकीलच गाठा.

एका दमात सांगा: हक्क की मेहेरबानी?

दोन्ही नाही. सार्वजनिक रस्त्यावरून जाणं-येणं हा हक्क आहे. त्या रस्त्यावर मोटार चालवणं ही अटींवर मिळणारी परवानगी आहे. मात्र तुम्ही अटी पूर्ण केल्यात की ती नाकारायची मुभा साहेबाला नाही, आणि एकदा दिलेली परवानगी त्याच्या मनात आलं म्हणून काढूनही घेता येत नाही. लोकांना यातला फक्त आपल्या सोयीचा भाग लक्षात राहतो. गाडीवाल्याला हक्क आठवतो, हवालदाराला परवानगी.

राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये देशभर फिरायचं स्वातंत्र्य दिलंय. मग लायसन कशाला लागतं?

स्वातंत्र्य तुम्हाला दिलंय, तुमच्या गाडीला नाही. तुम्ही नवापूरहून मुक्ताईनगरला चालत जा, एसटीने जा, रेल्वेने जा, कुणी परवाना विचारणार नाही. चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी निघालेली आपली माणसं आग्रा रोडच्या कडेने मालेगावकडे जाताना बघा. ऊन टळावं म्हणून रात्रीचं चालतात. हातात झेंडा, पायाला फडकी बांधलेली, पुढे टेम्पोत पाण्याची टाकी. त्यांच्यातल्या एकाच्याही खिशात रस्त्यावर चालायचा परवाना नसतो आणि तो लागतही नाही. कलम १९ चा सगळ्यात रोकडा अर्थ मला तिथे दिसतो.

टनभर वजनाची गाडी ऐंशीच्या वेगाने त्याच माणसांच्या शेजारून न्यायची असेल तर गोष्ट बदलते. कलम १९ च्याच पाचव्या उपकलमात सर्वसामान्य जनतेच्या हितासाठी वाजवी निर्बंध घालता येतात असं लिहिलेलं आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा तसाच निर्बंध. त्याच्या कलम ३ मध्ये साफ म्हटलंय की चालू असलेलं लायसन असल्याशिवाय कुणीही सार्वजनिक ठिकाणी मोटार चालवायची नाही. आणि हे काही कालपरवाचं नाही. ब्रिटिशांनी १९१४ साली पहिला कायदा केला, १९३९ साली दुसरा आला, आताचा तिसरा १ जुलै १९८९ पासून लागू आहे.

रस्ता तर सरकारचाच. मग सरकार म्हणेल तेच खरं, नाही का?

नाही, आणि हे सुप्रीम कोर्टाने १९५४ सालीच सांगून टाकलंय. सगीर अहमद विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार असा तो खटला. बुलंदशहर ते दिल्ली मार्गावर खासगी बस चालवणारे कोर्टात गेले होते, कारण सरकारने तो धंदा स्वतःच्या ताब्यात घ्यायचं ठरवलं होतं. रस्त्यावर बस चालवणं ही सरकारने द्यायची सवलत आहे, ती सरकार कधीही काढून घेऊ शकतं, हे म्हणणं कोर्टाने मान्य केलं नाही. कोर्टाचा विचार असा: रस्ते सरकारकडे असतात ते जनतेचा विश्वस्त म्हणून. देवस्थानाचा ट्रस्टी दर्शनाच्या रांगेला नियम लावू शकतो, पण देव माझा आहे असं म्हणू शकत नाही. सरकारचं रस्त्याशी नातं तसंच. रस्ता वापरणं हा प्रत्येकाचा हक्क, आणि त्याला मर्यादा इतरांच्या तेवढ्याच हक्काची.

या निकालाची दुसरी बाजू मात्र कुणी वाचून दाखवत नाही. विश्वस्त म्हणून रस्त्याचा वापर कसा आणि किती व्हावा यावर बंधनं घालायचा अधिकारही कोर्टाने सरकारकडेच ठेवला. लायसन, परमिट, विमा, वजनाची मर्यादा, सगळं त्या अधिकारात बसतं.

“मनी गाडी, मना पैसा, मनं पेट्रोल. तुम्हले काय करनं शे?”

आप्पा, गाडी तुमचीच. ती अंगणात धुवा, झाकून ठेवा, विका, कुणी आडवं येणार नाही. मालकी आणि चालवण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरसी बुक मालकी दाखवतं, लायसन चालवायची लायकी. लायसन नसलेला माणूस दहा गाड्यांचा मालक असू शकतो.

उलट मालकावर जास्तीची जबाबदारी येते. लायसन नसलेल्याच्या हातात गाडी दिली तर चालवणाऱ्याला वेगळा दंड आणि गाडी देणाऱ्याला वेगळा, दोन्ही पाच-पाच हजारांचे, आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. अपघात झाला तर खरा फटका पुढे बसतो. विमा कंपनी कोर्टाच्या हुकुमाने जखमीला पैसे देते आणि मग तेच पैसे मालकाकडून वसूल करते. २००४ च्या स्वरण सिंग निकालापासून हा रस्ता रुळलेला आहे. मालकाने जाणूनबुजून बिनलायसनवाल्याला गाडी दिली असेल तर त्याला सुटका अवघड. वसुलीचा आकडा लाखांत असतो आणि आपल्याकडे लाखांत मोजायची एकच गोष्ट घरात असते: सातबारा.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय की “धंद्यासाठी गाडी चालवत नसाल तर लायसन लागत नाही, कोर्टाचा निकाल आहे”. खरं का?

खोटं. हा माल अमेरिकेतून आलाय. तिकडे एक गट म्हणतो की आम्ही “ड्रायव्हिंग” करत नाही, फक्त “प्रवास” करतो, म्हणून लायसन नको. तिथलीही कोर्टं हे ऐकून घेत नाहीत. १९१५ साली हेन्ड्रिक विरुद्ध मेरीलँड या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की राज्यं गाड्यांची नोंदणी आणि चालकांचं लायसन सक्तीचं करू शकतात.

त्याच देशातला दुसरा निकाल मात्र आपल्यालाही शिकण्यासारखा आहे. १९७१ साली जॉर्जिया राज्यातल्या एका धर्मगुरूचं लायसन निलंबित करायला निघाले. तो तीन खेड्यांतल्या लोकांकडे गाडीनेच जायचा. त्याच्या गाडीला एक मुलगी सायकलसह धडकली होती आणि त्याचा विमा नव्हता. चूक कुणाची हे बघायलाच कुणी तयार नव्हतं. कोर्ट म्हणालं, लायसन एकदा दिलं की त्यावर माणसाची रोजीरोटी चालते, म्हणून त्याला नीट ऐकून घेतल्याशिवाय ते काढायचं नाही. मग त्याला तुम्ही हक्क म्हणा नाहीतर सवलत. मला हा प्रश्न असाच बघायला आवडतो. नाव काहीही द्या, हातात काय उरतं ते पाहा.

माझ्याच केळीच्या बागेत ट्रॅक्टर चालवायला लायसन लागतं का?

बागेच्या आत नाही. कायदा “सार्वजनिक ठिकाणी” चालवण्याबद्दल बोलतो, आणि सार्वजनिक ठिकाण म्हणजे जिथे लोकांना जायचा हक्क आहे अशी कुठलीही जागा. ती डांबरीच असली पाहिजे असं नाही. एसटी स्टँड त्यात येतो, बाजार समितीचं आवार येतं, गावातून जाणारी पांदण येते. बांध ओलांडून ट्रॅक्टर शिवरस्त्याला लागला की लायसन लागलंच. कारचं, म्हणजे हलक्या मोटार वाहनाचं लायसन असेल तर रिकामं वजन ७,५०० किलोपर्यंतचा ट्रॅक्टर त्याच लायसनवर चालतो, आणि आपल्या शेतातले ट्रॅक्टर त्याच्या खूप आत असतात.

शेतरस्त्याचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो, कारण इथे खरोखरचा हक्क आहे आणि लोक तोच सोडून देतात. शेजाऱ्याने वहिवाटीची गाडवाट नांगरून टाकली, चर खोदला, काटे टाकले, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा लावता येतो. अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावायचा. पुढच्या बैठकीत मिटवू म्हणत दोन पेरण्या निघून जातात आणि मुदत संपते. मुळात वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. दोन्हीसाठी लायसनची गरज नाही.

बैलगाडी, घोडा, सायकल, बॅटरीची स्कूटर यांना?

पहिल्या तिघांना नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत लाखांचा घोडा घेतलात आणि त्यावर बसून शहाद्यापर्यंत आलात तरी कुणी लायसन मागणार नाही, कारण घोडा मोटार नाही. बॅटरीच्या स्कूटरचं मात्र जपून. तिची ताकद पाव किलोवॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच ती “मोटार वाहन” या व्याख्येतून सुटते. दुकानदार विकताना “लायसन नको, पासिंग नको” म्हणतो आणि वायर काढून वेग पन्नासवर नेऊन देतो. त्या क्षणी ती मोटार झाली. अपघातानंतर दुकानदार ओळख दाखवत नाही.

पोरगा अकरावीला आहे, कॉलेज बारा किलोमीटर, एसटी वेळेवर येत नाही. गाडी दिली तर काय बिघडलं?

अडचण खरी आहे आणि एसटीबद्दल मी तुमच्याशी वाद घालणार नाही. तरी देऊ नका.

“सोळाव्या वर्षी बिनागिअरचं लायसन मिळतं” हे सगळ्यांना पाठ आहे, पण अर्धंच. ते ५० सीसीपर्यंतच्या बिनागिअर गाडीसाठी. शोरूममध्ये मिळणारी साधी स्कूटर १०० सीसीच्या वर असते. ते लायसन खिशात ठेवून पोरगा जी गाडी पळवतो, तिच्यासाठी ते लायसन नसल्यातच जमा.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९क आलं. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि पोराला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन नाही. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण अडवायचा पूर्ण प्रयत्न केला होता, हे पालकाने स्वतः सिद्ध करायचं. गावात सगळ्यांदेखत पोराला चावी देणारा बाप हे कसं सिद्ध करणार? यात मला सगळ्यात जड वाटते ती २५ व्या वर्षाची अट. पोलीस भरती निघाली, ड्रायव्हरची जागा निघाली, आणि पोरगा सोळाव्या वर्षीच्या एका फेरीमुळे बाहेर.

सगळे कागद बरोबर असूनही आरटीओने लायसन नाकारलं तर?

“मिळणार नाही, पुढच्या महिन्यात या” हे उत्तर कायद्यात बसत नाही. लायसन नाकारायचं तर कारणासह लेखी आदेश द्यावा लागतो, आणि त्यावर ३० दिवसांत अपील करता येतं. टेस्टमध्ये नापास झालात तर तो वेगळा मुद्दा. परत टेस्ट द्या. पण पास झालात, वय बसतं, कागद पूर्ण आहेत, तर लायसन देणं हे त्या कार्यालयाचं कर्तव्य आहे. तिथे कुणाचे पाय धरायची गरज नाही आणि कुणाला पाकीट द्यायचीही नाही. एजंटशिवाय लायसन निघत नाही ही समजूत एजंटांनी जोपासलेली आहे. कच्च्या लायसनची परीक्षा आधार कार्ड जोडून सारथी पोर्टलवर घरबसल्या देता येते, मराठीत देता येते, आणि ६० टक्के उत्तरं बरोबर आली की पास. केंद्राच्या नियमांत कच्च्या लायसनची फी गाडीच्या एका प्रकाराला १५० रुपये आहे. एजंटचा आकडा तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत असेल.

पोलीस रस्त्यात लायसन काढून घेऊ शकतो का? आणि चावी?

चावी काढून घ्यावी असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. लायसनचं तसं नाही. भरधाव किंवा धोकादायक चालवणं, दारू पिऊन चालवणं, बिनाहेल्मेट चालवणं अशा गुन्ह्यांत पोलीस लायसन जप्त करून आरटीओकडे पाठवू शकतो. पोचपावती दिलीच पाहिजे, ती मागून घ्या. पण या गुन्ह्यांत ती पावती म्हणजे लायसन नव्हे. लायसन परत मिळेपर्यंत गाडी चालवायची नाही. हा बारकावा बहुतेकांना ठाऊक नसतो आणि पावती दाखवत ते पुढच्या नाक्यावर पुन्हा अडकतात.

निलंबनाचा किंवा रद्द करण्याचा निर्णय आरटीओचा, हवालदाराचा नाही. कलम १९ मध्ये (घटनेच्या नव्हे, मोटार कायद्याच्या, आकडा एकच असल्याने लोक गोंधळतात) त्याची कारणं दिलेली आहेत: सराईत दारुडा असणं, गाडी गुन्ह्यात वापरणं, लायसन खोटेपणाने मिळवणं, गाडी चालवून लोकांच्या जिवाला धोका करणं. त्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि आदेशावर ३० दिवसांत अपील असतं. नोटीस आली की बहुतेक जण ती टीव्हीमागे खोचून ठेवतात. तसं करू नका. तुमचं म्हणणं ऐकून घेतलं जाणं हाच तुमचा खरा हक्क, आणि तुम्ही गेलाच नाहीत तर साहेब एकतर्फी लिहून मोकळा होतो.

दारूबद्दल वेगळं सांगतो कारण हळदी-लग्नाच्या हंगामात हेच विचारतात. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा. पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. “दोनच पेग” हा बचाव कोर्टात चालत नाही.

माझ्याकडे कारचं लायसन आहे. सावद्याहून केळीची पिकअप बऱ्हाणपूरला नेऊ का?

न्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा घोळ संपवला. भरलेल्या गाडीचं नोंदणीकृत एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल तर हलक्या मोटार वाहनाच्या लायसनवर मालवाहू गाडीही चालवता येते, वेगळा ट्रान्सपोर्टचा शिक्का लागत नाही. पिकअप आणि छोटा हत्ती दोन्ही त्यात बसतात. घातक माल नेणाऱ्या गाड्या आणि ई-रिक्षा, ई-कार्ट यांचे नियम वेगळे. आणि कोर्टाने लायसनबद्दल सांगितलंय, ओव्हरलोडबद्दल नाही. घडांवर घड रचून गाडी डोलत नेली तर हा निकाल मदतीला येणार नाही.

औट्रम घाटातून ट्रक बंद केले. हा आमच्या धंद्याच्या हक्कावर घाला नाही का?

चाळीसगाव-कन्नडच्या या घाटात जड वाहनांमुळे तासन्‌तास कोंडी व्हायची, रुग्णवाहिकाही अडकायच्या. ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने तिथे जड वाहनांना बंदी आली. ट्रकवाल्यांना लांबचा फेरा पडला, डिझेल वाढलं, राग येणं साहजिक आहे. पण धंद्याचा हक्कही घटनेने वाजवी निर्बंधांसकटच दिलाय. समृद्धी महामार्गावर दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टरला बंदी आहे तीही त्याच न्यायाने. कुठला रस्ता कुठल्या गाडीने वापरायचा हे ठरवता येतं. विचारायचा प्रश्न एवढाच की ठरवण्यामागे धड कारण आहे का आणि पर्यायी रस्ता आहे का. औट्रमच्या बाबतीत मला कारण पटतं.

सातपुड्यात रस्ताच नाही, तिथे हक्काची भाषा कशाला?

तिथेच तर ती सगळ्यात जास्त लागते. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून बाळंतीण बाईला बांबूच्या झोळीत घालून खाली आणावं लागतं. त्या माणसांसाठी लायसन हा फार पुढचा प्रश्न आहे. १९८६ साली हिमाचल प्रदेश सरकार विरुद्ध उमेद राम शर्मा या खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की डोंगरी भागात राहणाऱ्यांना रस्ता मिळणं हे त्यांच्या जगण्याच्या हक्काचा, म्हणजे कलम २१ चा भाग आहे. गाडी चालवणं अटींवर, रस्ता मिळणं मात्र हक्काने. ग्रामसभेच्या ठरावात हा निकाल नावानिशी लिहा. मे २०२५ मध्ये त्याच कोर्टाने पादचाऱ्यांना मोकळा फुटपाथ मिळणं हेही कलम २१ मध्ये येतं असं सांगितलं. जळगाव-धुळ्यातल्या बाजारपेठेत चालून पाहिलेल्याला याची किंमत कळेल.

आम्ही दंड भरायचा आणि खड्ड्यांचं काय?

रास्त राग. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख, आणि जखमीला इजा बघून ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायला सांगितली. म्हणजे चांगला रस्ता देणं ही मेहेरबानी नाही हे कोर्टानेही धरलं. पण “खड्डे बुजवा, मग हेल्मेट घालतो” हा सौदा करू नका. खड्डा असेल तर हेल्मेट जास्तच लागतं.

आबांचं वय ७२. लायसन संपलंय. नूतनीकरण होईल?

होईल. पंचावन्नच्या पुढे एका वेळी पाच वर्षांचं मिळतं, वैद्यकीय दाखला लागतो. मुदत संपून वर्षाच्या वर गेलं असेल तर पुन्हा टेस्ट द्यावी लागेल. नूतनीकरण होईपर्यंत आबांनी लुना बाहेर काढायची नाही. डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर आधी ऑपरेशन करून घ्या. डॉक्टरला गळ घालून दाखला आणणारे मुलगे मी पाहिलेत, त्यांना मी फॉर्म भरून देत नाही.

लायसन घरी राहिलं, मोबाइलमध्ये फोटो आहे. चालेल?

गॅलरीतला फोटो नाही. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन अ‍ॅपमधलं चालतं.

कच्चं लायसन काढून सात महिने झाले, टेस्ट राहूनच गेली. आता?

कच्चं लायसन सहा महिनेच चालतं. पहिल्यापासून काढा, आणि या वेळी ३० दिवस झाल्या झाल्या पक्क्याच्या टेस्टची तारीख घ्या. तोवर गाडीला पुढे-मागे लाल एल, आणि सोबत पक्क्या लायसनवाला माणूस. मोटारसायकलवर त्याच्याशिवाय दुसरं कुणी बसवायचं नाही, बहिणीला क्लासला सोडायचं असलं तरी.